अणुइंधनाचा प्रवास : खाणीपासून काचेपर्यंत

सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राला ६६० मेगावॅटचे दोन्ही संच चालवण्यासाठी रेल्वेने रोज हजारो टन कोळसा आणावा लागतो. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या अणुभट्टीला मात्र पूर्ण क्षमतेने चालतानाही दिवसाला सुमारे पाव टन युरेनियम पुरते. हे इंधन तयार करणे आणि वापरानंतर सांभाळणे मात्र कोळशाइतके सोपे नाही.

देशातील युरेनियमचे खाणकाम झारखंडमधील जादुगोडा येथे सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकात जाते, तेथील यादगीर जिल्ह्यात गोगी येथेही युरेनियमचा साठा सापडला आहे. परंतु त्यातील काही खनिज चुनखडकात असल्याने, आम्ल वापरल्यास ते चुन्यावरच खर्ची पडते आणि म्हणून तेथे अल्कधर्मी द्रावणाची पद्धत योग्य ठरते. खाणीवरील कारखान्यात मिळणारी पिवळी भुकटी हैदराबादच्या अणुइंधन संकुलात शुद्ध होते, तिच्यापासून युरेनियम डायऑक्साइडच्या लहान दंडगोलाकार वड्या दाबून त्या अतिशय उच्च तापमानाला भाजल्या जातात आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरल्या जातात. अशा ३७ नळ्यांची एक जुडी तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीत वापरतात.

नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारा युरेनियम-२३५ हा प्रकार जेमतेम ०.७ टक्के असतो. एवढ्यावर साखळी प्रक्रिया टिकावी म्हणून न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे, तरी त्यांना फारसे न शोषणारे जड पाणी लागते, ज्याचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात थळ येथे आहे. १९६९ पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या असल्याने त्यांना समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले, इंधन लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने पुढे त्याचा पुरवठा थांबवला, तेव्हा परावलंबनाची किंमत देशाला कळली.

भट्टीतून काढलेले इंधन तीव्र किरणोत्सारी व तप्त असल्याने काही वर्षे पाण्याच्या कुंडात ठेवावे लागते. त्यानंतर भारत ते टाकून न देता नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतो. तुर्भ्यात १९६४ पासून हे तंत्र अवगत आहे, आणि ज्या देशाजवळ युरेनियम थोडे आहे त्याने ते जपणे शहाणपणाचे आहे. उरलेला द्रव कचरा बोरोसिलिकेट काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. त्यातील सिझियम-१३७ चे प्रमाण दर तीस वर्षांनी निम्मे होते, म्हणजे शेकडो वर्षांची राखण अटळ आहे. फिनलंडने त्यासाठी खडकामध्ये सुमारे चारशे मीटर खोल भांडार खोदले, तर भारतात ही काच अद्याप हवेने थंड राखलेल्या तात्पुरत्या भांडारातच आहे.