मोबाइललाही हवे दिग्व्रत

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत येतात. दिग्व्रत जाण्यायेण्याच्या दिशांना आजन्म मर्यादा घालते. देशव्रत ठराविक काळापुरती ती मर्यादा आणखी आखडते. हाच विवेक मोबाइलमधील लोकेशनच्या परवानगीलाही लावता येतो.

दुकान उघडण्या-मिटण्याची वेळ, मालखरेदीचा मार्ग, तीर्थयात्रेमुळे बंद असलेले घर, हे सारे व्यापाऱ्याच्या मोबाइलच्या लोकेशनवरून कळू शकते. टॉर्चच्या अ‍ॅपला ही माहिती कशासाठी द्यावी?

सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’ उघडून कोणत्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे ते पाहावे. नकाशा व टॅक्सीच्या अ‍ॅपला वापरापुरती परवानगी पुरते. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, केवळ एका वेळेपुरती परवानगीही देता येते. हे जणू मोबाइलचे देशव्रतच. हवामानाच्या अ‍ॅपला नेमक्या जागेऐवजी अंदाजे ठिकाण पुरेसे असते. ज्याला गरज नाही, त्याला स्पष्ट नकार द्यावा. कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंदही बंद ठेवावी, म्हणजे छायाचित्रासोबत घराचे ठिकाण परक्याहाती जाणार नाही. हरवलेला मोबाइल शोधण्याची सोय मात्र चालू ठेवावी.

पर्युषणात आपण आपल्या मर्यादा तपासतो. त्याच वेळी घरातील प्रत्येक मोबाइलच्याही तपासाव्यात.