कुऱ्हाडीच्या भरवशावर

एका वाचकानं विचारलंय, ‘दुर्मीळ वनस्पती वाचवायची तर जंगलाला कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवलं की झालं, नाही का?’ प्रश्न रास्त आहे. पण इंग्लंडमधल्या एका रानवनस्पतीच्या बाबतीत हे कुंपणच तिच्या जिवावर उठलं असतं.

तिचं शास्त्रीय नाव कॅरेक्स डीपॉपेराटा, इंग्रजीत स्टार्व्हड वुड-सेज. आपल्या लव्हाळ्या-नागरमोथ्याच्या कुळातली. निंदणीला बसलेल्या कुणालाही या कुळाची खूण सांगावी लागत नाही: दांडा बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात. कॅरेक्सच्या जगभरात सुमारे 2000 जाती आहेत आणि बहुतेकींकडे कुणी वळूनही बघत नाही. हिच्याकडे मात्र बघावं. दांड्याच्या टोकाला नर फुलांचा तुरा, त्याखाली लांब लांब अंतरावर मादी तुरे, आणि एकेका तुऱ्यात फळं जेमतेम तीन ते सहा. दाणे न भरलेलं कणीसच वाटतं. पण एक फळ तळहातावर घेतलं तर हा समज टिकत नाही. फुगीर, शिरा उठलेली हिरवी पिशवी, तिला वर लांब चोच. थेट छोटासा चंबू! लांबी 8 मिलिमीटरच्या आसपास. ब्रिटनमधल्या कॅरेक्सांत एवढं मोठं फळ क्वचितच दिसतं.

ब्रिटनमध्ये ती नैसर्गिकरीत्या दोनच ठिकाणी उरली: सरे परगण्यात गोडल्मिंगजवळ आणि सॉमरसेटमध्ये चेडरच्या परिसरात (हो, तेच चीजवालं चेडर). आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात आहे. फ्रान्स-स्पेनपासून कॉकेशसपर्यंत ती सापडते, म्हणजे जगातून नाहीशी होण्याच्या बेतात नाही. ‘नामशेष होणारी वनस्पती’ असा मथळा कुठे दिसला तर आधी विचारावं, नेमकी कुठून नामशेष?

तिला हवं असतं विरळ रान. कोरडी जमीन, रानाची कड, रस्त्यालगतचा झुडपी बांध आणि कवडशांपेक्षा जरा जास्त ऊन. पानांचं छत मिटलं की ती फुलायची थांबते आणि खंगत जाते. जड फळं आईच्या पायाशीच पडतात, त्यामुळे उजेड शोधत दूर जाणंही जमत नाही. मग बिया मातीतच वर्षानुवर्षं तग धरून राहतात. वरची झाडं छाटून ऊन जमिनीपर्यंत येऊ दिलं की त्या रुजतात. प्लँटलाइफ या संस्थेनं आणि इतरांनी तिच्यासाठी जे काम केलं, त्यात रान मोकळं करणं महत्त्वाचं होतं.

पूर्वी हे काम कुणाला मुद्दाम करावं लागत नव्हतं. इंग्लंडमधली हेझलसारखी झाडं लोक दर काही वर्षांनी बुंध्याशी तोडत, खुंटाला धुमारे फुटत, ते वाढले की पुन्हा तोडत. कुडाला काठ्या, चुलीला सरपण, भट्टीला कोळसा, सगळं त्यातून निघे. सफक परगण्यातल्या ब्रॅडफील्ड वूड्समध्ये ही तोड 1252 पासून चालत आल्याच्या नोंदी आहेत! रानाचा एक तुकडा तोडला की तिथे ऊन, दुसरा वाढला की तिथे सावली, असा फेरा शतकानुशतकं चालला. पुढे खाणीतला कोळसा आला, सरपणाची गरज संपली आणि रानं दाटत गेली.

इथे ऑलिव्हर रॅकम यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. केंब्रिजचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ लाल मोजे घालून रानं तुडवत आणि उरलेल्या वेळात मध्ययुगीन हिशेबवह्या वाचत. झाड तोडल्यानं रान मरत नाही, ते पुन्हा फुटतं. रान मरतं ते जमीन नांगरून किंवा जुनी झाडं उपटून पाइन लावल्यानं, हे त्यांनी 1970 च्या दशकापासून कागदपत्रं आणि खुंट दोन्ही दाखवून मांडलं. 2015 मध्ये ते गेले. वृक्षलागवडीच्या कोटी-कोटींच्या घोषणा करणाऱ्यांनी त्यांचं एक तरी पुस्तक चाळायला हवं होतं.

ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्यानं ही वनस्पती तोडायला-उपटायला बंदी घातली, ते योग्यच झालं. सावली वाढल्यानं ती मेली तर त्या कायद्याला काही करता येत नाही. त्यासाठी कुणीतरी करवत घेऊन रानात जावं लागतं.

याचा अर्थ आपल्या देवरायांत कुऱ्हाड चालवावी असा कुणी घेऊ नये. तिथली झाडं-वेली दाट सावलीतच वाढलेल्या. उलट आपले सडे आणि माळरानं उघड्यावरची, आणि हौसेनं झाडं लावली जातात ती नेमकी तिथेच. यंदा पावसाळ्यात रोपं घेऊन निघालात, तर खड्डा खणण्याआधी त्या जमिनीवर आत्ता काय उगवतंय ते गावातल्या गुराख्याला आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा.