संस्थेचें दप्तर संगणकावर बेतून घेतांना

सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या अलीकडे आपलें दप्तर संगणकावर ठेवूं लागल्या आहेत, व त्यांपैकीं कित्येक संस्था आपल्या गरजेप्रमाणें खास सॉफ्टवेअर करवून घेतात. अंगरखा बेतून घ्यावयाचा तर शिंप्यास माप आपणच द्यावें लागतें. तसेंच या कामाचें आहे. माप चुकलें, किंवा तयार वस्तु कोणाच्या मालकीची हें आधीं ठरलें नाहीं, तर खर्च होऊनहि संस्था अडचणींत येते. सबब काम सांगण्यापूर्वीं सभासदांनीं कोणत्या गोष्टी जाणाव्या, याचा येथें विचार करावयाचा आहे.

अशा दप्तरास डेटाबेस म्हणतात. एकाच सभासदाचें नांव भागांच्या वहींत ‘रामचंद्र’, बियाणें-विक्रीच्या वहींत ‘रामा’ व माल-खरेदीच्या वहींत ‘रामभाऊ’ असें पडतें. वर्षअखेर त्याचें येणें-देणें काढतांना कारकुनास ओळखीवर विसंबावें लागतें, व कारकून बदलला कीं घोळ होतो. आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एका निबंधांत माहिती कोष्टकांत मांडून तीं कोष्टकें समान खुणेनें जोडण्याची रीत सांगितली. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल इत्यादि डेटाबेस आज त्याच रीतीवर चालतात. तत्त्व इतकेंच कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी व इतरत्र तिचा क्रमांक तेवढा द्यावा.

आतां जमिनीचें उदाहरण घ्या. एका सभासदाचे तीन गट असतात, तर एका गटांत चार खातेदार असतात. सभासदापुढें गट क्रमांकाचा एकच रकाना ठेवला तर दुसरा गट कोठें लिहावयाचा? म्हणून सभासदांचें एक, गटांचें दुसरें, व कोणाचा कोणत्या गटांत किती हिस्सा हें दाखविणारें तिसरें, अशीं तीन कोष्टकें लागतात. शहरांतील प्रोग्रॅमरला ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ती संस्थेनेंच सांगावयाची असते. मागाहून फेरफार करणें फार महाग पडतें.

नीट रचनेचें एक उदाहरण द्राक्षबागाइतदारांच्या परिचयाचें आहे. २००३ सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचा अंश मर्यादेबाहेर आढळल्यानें निर्यात अडचणींत आली. पुढें अपेडा या केंद्रीय संस्थेनें २००६ सालीं ग्रेपनेट नांवाची व्यवस्था इंटरनेटवर सुरू केली. तींत प्रत्येक बागेची नोंद होऊन तिला क्रमांक मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊसमधील माल व प्रमाणपत्रें हीं त्याच नोंदीशीं जोडलेलीं असतात. त्यामुळें मालांत दोष निघाल्यास माग काढीत बागेपर्यंत येतां येतें.

तथापि जें तयार मिळतें तें बेतून घेऊं नये. केंद्र सरकारनें २०२२ सालीं ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली; तींत सर्वांस समान सॉफ्टवेअर योजिलें आहे. सामान्य हिशेबासहि तयार सॉफ्टवेअर मिळतें. जी गरज केवळ आपल्याच संस्थेची, तेवढ्यापुरतेंच खास काम करवावें.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मालकीचा होय. पैसे संस्थेनें दिले म्हणजे वस्तु संस्थेची झाली, अशी अनेकांची समजूत असते. परंतु संगणकाच्या प्रोग्रॅमला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. पगारी नोकरानें नोकरींत केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. बाहेरच्या ठेकेदाराकडून करविलेल्या कामाचा हक्क मात्र, लेखी करार नसल्यास, सामान्यतः ठेकेदाराकडेच राहतो. हक्क लिहून घेतला तरी मुदत नमूद नसल्यास तो पांच वर्षांपुरताच, व प्रदेश नमूद नसल्यास भारतापुरताच मानला जातो. ठेकेदारानें काम सोडलें म्हणजे या उणिवेची किंमत कळते. कारण प्रोग्रॅमचें मूळ लिखाण, ज्यास सोर्स कोड म्हणतात, तें हातीं नसल्यास दुसऱ्या माणसास तें काम पुढें नेतां येत नाहीं.

म्हणून करारांत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या :

(१) सर्व हक्क कायमचे संस्थेकडे यावे, व प्रत्येक हप्त्याबरोबर सोर्स कोड ताब्यांत मिळावा.

(२) वेबसाइटचें नांव व सर्व्हरचें खातें संस्थेच्याच नांवें असावें.

(३) सर्व माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचतां येईल अशा साध्या रूपांत केव्हांहि काढून मिळावी.

(४) सभासदास मोबाइलवर आपलें खातें दिसावें, दुसऱ्याचें दिसूं नये. व कोणती नोंद कोणी, केव्हां बदलली हें नमूद राहावें.

(५) दप्तराची नक्कल रोज दुसऱ्या ठिकाणीं ठेवली जावी, व सहा महिन्यांनीं तीवरून दप्तर पुन्हां उभें करून पाहावें. न पडताळलेल्या नकलेवर विसंबणें म्हणजे उगवणशक्ति न तपासतां बीं पेरणें होय.

मोबदला एकदम न देतां टप्प्यांनीं द्यावा. एक हंगामभर जुन्या वह्या व नवें दप्तर हीं दोन्ही चालवावीं, आणि बाक्या जुळल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. संस्थेच्या सभेंत हा विषय निघेल तेव्हां ‘खर्च किती?’ हें विचारण्यापूर्वीं ‘सोर्स कोड कोणाकडे राहणार?’ हें प्रत्येक सभासदानें अवश्य विचारावें.