समजून घ्या : सर्व्हर बंद पडला तरी कारखाना चालू कसा राहील?

माल भरून ट्रक गेटवर उभा आहे, पण बिल निघत नाही. कारण सर्व्हर बंद आहे. सालवड-बोईसर परिसरात, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी हा नुकसानीचा प्रश्न आहे. हिशेब, साठा, प्रयोगशाळेच्या नोंदी, हजेरी असे अनेक ‘आभासी’ संगणक आता दोन-तीन सर्व्हरवरच चालतात. त्यांचा डेटा कुठे ठेवायचा, यावर सारे अवलंबून असते.

हा प्रश्न आताच का?
ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली. त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि वर्गणी पद्धत आली. त्यामुळे अनेक लहान उद्योग प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालींकडे वळू लागले. प्रणाली बदलताना साठवणीचा निर्णयही नव्याने घ्यावा लागतो.

डिस्कची जोडी पुरेशी नाही का?
‘रेड’ पद्धतीत एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. पण मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याचा भाग जळाला, तर चांगल्या डिस्कही बंद सर्व्हरमध्ये अडकतात. शिवाय ८ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला सुमारे १५ तास लागतात. रेड-५ मध्ये त्या काळात दुसरी डिस्क गेली, तर डेटा गेलाच. रेड-६ दोन डिस्कचे नुकसान सोसते.

पर्याय कोणते?
१) सामायिक पेटी : सर्व सर्व्हर एकाच साठवण यंत्राला जोडलेले. मांडणी सोपी, पण त्या पेटीत एकच कंट्रोलर असेल, तर तो बिघडताच सगळेच थांबते.
२) ठरावीक वेळाने नक्कल : झेडएफएस पद्धतीत एका सर्व्हरचा डेटा दर काही मिनिटांनी दुसऱ्यावर जातो. खर्च कमी, पण शेवटच्या नकलेनंतरच्या नोंदी हरवू शकतात.
३) सेफ : प्रत्येक नोंद एकाच वेळी अनेक सर्व्हरवर लिहिली जाते. त्यासाठी किमान तीन सर्व्हर आणि शक्यतो १० गिगाबिटचे वेगळे नेटवर्क हवे. तीन प्रती ठेवल्यास १२ टीबी डिस्कमधून फार तर ४ टीबी जागा हाती लागते.

दोन सर्व्हर चालतील का?
चालतील, पण तिसरा साक्षीदार हवा. मधली केबल तुटली, तर दोन्ही सर्व्हर ‘दुसरा मेला’ असे समजून एकच काम सुरू करू शकतात आणि डेटाचे दोन वेगळे अवतार तयार होतात. बहुमत ठरवण्यासाठी तिसरा साधा, स्वस्त संगणकही पुरतो.

मग बॅकअपची गरज उरते का?
उरतेच. चुकून पुसलेली फाइल सर्व प्रतींमधून पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही तशीच सगळीकडे पोहोचते. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आणि एक दुसऱ्या ठिकाणी हवी. आग, पुराचे पाणी यांपासून तीच वाचवते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवले आहेत, हेही विसरू नये. शिवाय कंपनी कायद्याच्या नियमांनुसार संगणकीय हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे बंधनकारक आहे.

निवड कशी करावी?
विक्रेत्याला बोलावण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा : काम किती वेळ बंद राहिलेले चालेल आणि किती मिनिटांच्या नोंदी पुन्हा भरता येतील? १५ मिनिटांच्या नोंदी वहीवरून भरता येत असतील, तर दोन सर्व्हर, नक्कल आणि साक्षीदार पुरे. एकही नोंद गमावणे परवडत नसेल आणि सांभाळणारा जाणकार माणूस असेल, तरच सेफचा विचार करा.

यंत्रणा बसवल्यावर सुटीच्या दिवशी, बॅकअप तपासून, एका सर्व्हरची वीज मुद्दाम बंद करून पाहा. काम दुसऱ्यावर गेले, तरच शेवटचा हप्ता द्या.