विश्लेषण : टेनिस बॉलवरचा वेगवान गोलंदाज सीझन बॉलवर का अडखळतो?

भातकापणी झाली की भिवंडी तालुक्यातील रिकाम्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात आणि दर रविवारी टेनिस क्रिकेटचे सामने रंगतात. शहरात यंत्रमाग कारखान्यांमधल्या गल्ल्यांतही हाच खेळ. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली आणि टेनिस क्रिकेटला वेगळीच प्रतिष्ठा आली. पण शाळेच्या संघासाठी किंवा क्लबच्या निवड चाचणीसाठी मुलाच्या हातात सीझन बॉल येतो, तेव्हा गल्लीतला हुकमी टप्पा हरवतो. जोर लावला तर पाठ किंवा खांदा दुखू लागतो. असे का होते आणि शिकण्याची सुरुवात कशी करावी?

दोन चेंडूंत फरक काय?

साध्या टेनिस बॉलचे वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास असते. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे पावणेतीन पट जड. हलका चेंडू केवळ हाताच्या झटक्याने वेगात जातो. जड चेंडूला पाय, कंबर आणि खांदा अशी सगळ्या शरीराची ताकद लागते. टेनिस बॉल उसळतो, म्हणून यॉर्करवर भर असतो. सीझन बॉलला शिवण असते. ती सरळ ठेवून, फलंदाजाला पुढे जावे की मागे असा पेच पडेल अशा टप्प्यावर चेंडू टाकणे जास्त फायद्याचे ठरते. १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू मिळतो. त्यांनी तोच वापरावा.

कोपराचा नियम नेमका काय?

हात वाकलेला असणे हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेले कोपर सरळ केले, तर ती फेकी गोलंदाजी ठरते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २००५ पासून यासाठी १५ अंशांची मर्यादा आहे. हे अंश प्रयोगशाळेत मोजले जातात. स्थानिक सामन्यात मात्र पंचांची नजरच निर्णायक असते. झटक्याची सवय एकदा मुरली की मोडणे अवघड जाते.

पाठदुखी कुठून येते?

पुढचे पाऊल आपटते तेव्हा शरीरावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. कंबर आणि खांदे एकाच दिशेने असतील तर तो भार पेलतो. कंबर फलंदाजाकडे आणि खांदे बाजूला, अशी ‘मिश्र शैली’ असेल तर कमरेच्या मणक्याला पीळ बसतो आणि तिथे बारीक भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. हे दुखणे २०१९ मध्ये जसप्रीत बुमरालाही झाले होते. त्यामुळे त्याची किंवा अन्य कुणाची शैली जशीच्या तशी उचलू नये. समोरून किंवा बाजूने, जी शैली शरीराला सहज जमते तीच धरावी.

शिकण्याचा क्रम कोणता?

पकड : पहिली दोन बोटे शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर. चेंडू तळहातात रुतवू नये.

उभ्याने सराव : रन-अप न घेता, मोकळा हात लक्ष्याकडे उंच नेऊन तो खाली ओढत चेंडू सोडावा. मान स्थिर, नजर लक्ष्यावर.

चालत सराव : दोन-चार पावले टाकून तीच कृती. चेंडू सुटल्यावर लगेच थांबू नये. खेळपट्टीच्या बाजूला निघत शरीर हळूहळू सैल सोडावे.

रन-अप : क्रीजवरून उलट्या दिशेने धावत जाऊन चेंडू टाकावा आणि पाऊल पडेल तिथे खूण करावी. पाच-सहा वेळा असे केल्यावर बहुतेक खुणा जिथे येतील, तिथून रन-अप सुरू करावा. पुढच्या पावलाचा काही भाग तरी पॉपिंग क्रीजच्या मागे हवा, नाहीतर नोबॉल.

प्रशिक्षक प्रत्येकाला परवडतो असे नाही. पण मोबाइल बहुतेक घरांत असतो. मागून आणि बाजूने ‘स्लो मोशन’ चित्रण केले तर कोपराचा झटका आणि कमरेचा पीळ बऱ्याचदा स्वतःलाच दिसतो.

किती षटके टाकावीत?

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मार्गदर्शक मर्यादा घालून दिल्या आहेत. १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग पाच आणि दिवसभरात दहा षटकांपेक्षा जास्त टाकू नयेत, असे त्या सांगतात. आपल्याकडे एकच मुलगा सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी आणि संध्याकाळी गावच्या संघासाठी गोलंदाजी करतो. ही बेरीज पालकांनीच ठेवावी लागते. कमरेच्या एका बाजूला दुखत राहिले तर गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मलम चोळून सामना खेळू नये.

इथून पुढे जाता येते का?

शेजारच्या कल्याणचा तुषार देशपांडे शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला गेला, तेव्हा फलंदाजांची रांग लांब होती. म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध तो भारताकडून खेळला. पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलने लांबचा प्रवास करत मुंबई क्रिकेटमध्ये आला आणि पुढे भारताच्या संघात पोहोचला. अंतर अडवत नाही. अडवते ती चुकीची सवय आणि लहानपणीच जायबंदी झालेली पाठ. म्हणून आधी शैली, मग टप्पा आणि वेग सगळ्यात शेवटी.