दुकान कोणाचं? महाविद्यालयाच्या दारातल्या फ्रँचायझीविषयी

तत्त्वज्ञानाच्या माणसाने वडापाव-बर्गरच्या दुकानावर बोलावं, हे काहींना गमतीचं वाटलं असेल. विषय मी निवडलेला नाही. आमच्या पेणकरपाड्यात एक शेजारी आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मुलगा पदवीधर, नोकरी नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात येणार आणि एका कंपनीचं माहितीपत्रक घरात आलेलं. महाविद्यालयाजवळ एक गाळा पाहिलाय. ते मला म्हणाले, "सर, कॉलेजच्या दारात खाण्याचं दुकान, ते काय बंद पडणार आहे का?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो विचार आज तुमच्यापुढे मोठ्याने करतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी तटस्थ आहे असा गैरसमज नको. माझ्या भाच्याने असंच दुकान उपनगरातल्या एका महाविद्यालयाशेजारी काढलं होतं आणि बँकेच्या कर्जाला जामीन मी होतो. त्याविषयी पुढे.

आधी फ्रँचायझी म्हणजे काय ते नीट पाहू. भांडवल तुमचं, जागा तुम्ही शोधायची, भाडं तुम्ही भरायचं, माणसं तुम्ही ठेवायची. नाव, पाककृती, पाटी, कपबशीचा रंग, भाव, माल कोणाकडून घ्यायचा, हे सगळं कंपनी ठरवणार. त्याबद्दल सुरुवातीला एक रक्कम आणि पुढे दर महिन्याला विक्रीच्या काही टक्के रॉयल्टी. 'विक्रीच्या' हा शब्द लक्षात ठेवा. नफ्याच्या नव्हे.

आता कंपनी नेमकं काय विकते? पदार्थ विकते असं आपण म्हणतो, पण वडापाव कोणाला येत नाही? १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर त्याचा जन्म झाला असं सांगतात. त्याची पाककृती कोणाच्या मालकीची नाही. कंपनी विकते ती सारखेपणा. मालाडला खाल्ला तसाच कल्याणला मिळणार, याची हमी. आपल्या न्याय-वैशेषिकांनी 'सामान्य' नावाचा पदार्थ मानला, अनेक गाईंमध्ये एकच गोत्व. फ्रँचायझीत कंपनी वडत्वाची मालक असते आणि तुम्ही एकेक वडा विकता. (हशा) हसू नका, धंदा खरोखर असाच चालतो. २००४ मध्ये कल्याणला सुरू झालेल्या 'गोली वडापाव'ने वडे यंत्रावर तयार करून गोठवून दुकानांत पाठवायची पद्धत बसवली. का? हाताने केलेला प्रत्येक वडा थोडा वेगळा होतो म्हणून. घरी आपण त्याला हाताची चव म्हणतो, तिथे तो दोष ठरतो.

यात वाईट काही नाही, हे आधी मान्य करू. ज्याने आयुष्यात कढई धरलेली नाही, त्याला तयार माल, शिकवलेला मुलगा आणि स्वच्छतेचे नियम मिळतात. परगावाहून आलेली विद्यार्थिनी अनोळखी गाडीवर खायला बिचकते, ओळखीच्या पाटीखाली निर्धास्त बसते. हे मोल खरं आहे. 'जम्बोकिंग'चं उदाहरण घ्या. धीरज गुप्तांनी पहिलं दुकान २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ काढलं आणि साखळीची वाढ मुख्यतः स्टेशनांच्या आसपास झाली. छोटी जागा, उभ्याने खायचं, लोकल पकडायची. स्टेशन रविवारीही चालतं, मे महिन्यातही चालतं. पुढे त्याच साखळीने वडापावऐवजी 'इंडियन बर्गर' अशी आपली ओळख मांडायला सुरुवात केली. निर्णय बरा की वाईट, हा माझा प्रश्न नाही. निर्णय कोठे झाला, हा आहे. तुम्ही वडापाव विकायला दुकान घेतलंत आणि उद्या तुम्ही बर्गरवाले झालात, तर ते तुम्हाला दुसऱ्याने सांगितलं.

पाणिनीने कर्ता कोण, हे सांगताना स्वातंत्र्य हीच खूण धरली आहे. क्रियेत जो स्वतंत्र असतो, तो कर्ता. या व्याकरणाने पाहिलं तर फ्रँचायझी घेणारा विचित्र जागी उभा आहे. नोकराला स्वातंत्र्य नसतं, पण त्याला तोटाही नसतो. महिना भरला की पगार. मालकाला तोटा सोसावा लागतो, पण भाव वाढवायचा की मिसळ ठेवायची हे तो ठरवू शकतो. इथे तोटा मालकाचा आणि स्वातंत्र्य नोकराचं. कंपनीच्या माहितीपत्रकात 'स्वतःचे बॉस बना' असं छापलेलं असतं. मी शेजाऱ्यांना म्हटलं, ते वाक्य पेन्सिलीने खोडा आणि मग पुढचं वाचा.

आता महाविद्यालयाकडे येऊ. 'कॉलेजच्या दारात गर्दी असते' हे खरं, पण किती दिवस? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत वर्षाला किमान १८० दिवस प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे. मी पस्तीस वर्षं शिकवलं, किमान हेच बहुधा कमाल असतं, हे मी तुम्हाला खासगीत सांगू शकतो. वर्षाचे ३६५ दिवस. राहिले १८५. दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षांचे दिवस, अभ्यासाच्या सुट्ट्या. आणि अकरावी-बारावीची मुलं तर नाव महाविद्यालयात आणि शरीर क्लासमध्ये, असा प्रकार आहे. भाडं मात्र ३६५ दिवसांचं.

थोडा हिशेब करू. आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही आपले घाला. समजा, महाविद्यालय चालू असताना दिवसाची विक्री कर वगळून ९,००० रुपये. माहितीपत्रक काय करतं? ९,००० गुणिले ३६५, म्हणजे ३२,८५,०००. कंपनीकडून घ्यायचा माल ४५ टक्के धरा, म्हणजे १४,७८,२५०. भाडं, तीन मुलांचे पगार, वीज आणि गॅस मिळून महिन्याला १,०२,०००, वर्षाचे १२,२४,०००. रॉयल्टी सहा टक्के, १,९७,१००, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, ३५,४७८. शिल्लक ३,५०,१७२. ठीक आहे, मुलाचा पगार सुटला.

आता सुट्टीचे १८५ दिवस त्यात घाला आणि त्या दिवसांची विक्री ३,००० धरा. १८० दिवसांचे १६,२०,०००, १८५ दिवसांचे ५,५५,०००, एकूण २१,७५,०००. माल ९,७८,७५०. भाडं, पगार, वीज तेवढेच, १२,२४,०००. इथपर्यंत तोटा आहे २७,७५० रुपयांचा. माणूस म्हणेल, पहिलं वर्ष आहे, सोसू. पण रॉयल्टी अजून द्यायचीय. १,३०,५००, वर तिचा कर २३,४९०. तोटा झाला १,८१,७४०. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही बुडालात, त्या वर्षीही कंपनीला सव्वा लाखाच्या वर मिळाले. मघाशी 'विक्रीच्या' हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं, ते यासाठी. यात कर्जाचा हप्ता आणि सुरुवातीची फी धरलेली नाही.

कराची बारीक गोष्टही सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून रॉयल्टीवरचे ते १८ टक्के तुमच्या खिशातूनच जातात.

भाच्याचं काय झालं? त्याच्या करारात दोन मुदती होत्या आणि त्या जुळत नव्हत्या. कंपनीशी करार पाच वर्षांचा. गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्स ३६ महिन्यांचं. तीन वर्षांनी गाळामालकाने भाडं वाढवलं, आणि तो नाही म्हणू शकला नाही, कारण जागा सोडली तर सजावटीचा खर्च बुडणार आणि कंपनीचा करार मोडल्याचा दंड वेगळा. मग आला मार्च २०२०. मुंबईतली बहुतेक महाविद्यालयं प्रत्यक्ष उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. दीड वर्षाहून जास्त काळ दारात एक विद्यार्थी नाही. शेजारचा गाडीवाला गाडी ढकलत सोसायट्यांकडे गेला, भाजी विकली, जगला. भाच्याला ती पाटी घेऊन कुठे जाता येत नव्हतं आणि त्या पाटीखाली भाजी विकायची परवानगी नव्हती. माझ्या पेन्शनमधून तीन वर्षं हप्ते गेले. त्याचा मला राग नाही. करार मीही न वाचता सही केली होती. कांटवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाने!

गाडीवाल्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. महाविद्यालयाजवळचं मुंबईतलं सर्वांत प्रसिद्ध खाणं कोणतं? दादर-प्रभादेवीच्या कीर्ती महाविद्यालयाजवळचा अशोक वडापाव, तो चुरा घातलेला. तिथे महाविद्यालयाचं नाव दुकानाला चिकटलं, कंपनीचं नव्हे. मुलं शिकून गेली तरी येत राहिली, आपल्या मुलांना घेऊन आली. हा जो टिकाऊपणा आहे, तो सारखेपणातून आलेला नाही. तो तिथल्या ओळखीतून आला. सगळ्यांना ते जमेल असं नाही, हेही खरं.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी विकणाऱ्याने आधी लेखी माहिती उघड करण्याचा नियम आहे. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि बाकी तुमची दक्षता. दुसरं, करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल विकायचा नाही, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला खटल्यात ग्राह्य धरली. तेव्हा 'बघू पुढे, बाजूला चहा ठेवू' असं गृहीत धरू नका. तिसरं खास आपल्या भागासाठी: मीरा रोड-भाईंदरला पुष्कळ ठिकाणी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेलं खाणं शाळकरी मुलांना विकण्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम बंदी घालतात. तुम्ही ज्याला महाविद्यालयाचं दार समजता, ते शाळेचंही दार असू शकतं. टेप घेऊन मोजा.

मग शेजाऱ्यांना मी काय सांगितलं? 'नको' असं सांगितलं नाही. तो अधिकार माझा नाही, पैसे त्यांचे आहेत. मी त्यांना दोन कामं दिली. एक, मे महिन्यात भर दुपारी त्या गाळ्यासमोर स्टूल टाकून बसा आणि वहीत रेघा ओढा: किती माणसं गेली, त्यातली विद्यार्थी किती आणि इतर किती. पेणकरपाड्यात छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत, पलीकडे हमरस्ता आहे. विद्यार्थी नसताना कामगार येतात का, येऊन काय खातात आणि किती रुपयांचं खातात, ते बघा. कामगाराला पोटभर लागतं, चवीपुरतं नाही. दुसरं काम, कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा. महाविद्यालय बंद असलेल्या महिन्यांत किमान रॉयल्टी माफ आहे का? याच परिसरात दुसरं दुकान देणार नाही, असं लिहून देता का? आणि याआधी महाविद्यालयांजवळ दिलेली किती दुकानं बंद झाली, त्यांच्या चालकांचे फोन नंबर द्याल का?

वही भरून आली आहे. तेरा दिवस बसले ते, बायको डबा घेऊन यायची. विद्यार्थी फारसे नाहीत, पण दुपारी एक ते दोन कामगार बरेच आहेत आणि ते पोळीभाजी शोधतायत. पहिल्या दोन प्रश्नांना कंपनीचं उत्तर आलं आहे: धोरणात बसत नाही. तिसऱ्याचं अजून आलेलं नाही. गाळ्याचं टोकन शेजाऱ्यांनी अजून दिलेलं नाही, आणि मुलगा आता पोळ्यांना बाई मिळतील का, ते विचारत फिरतोय.