शस्त्रवैद्याचे यांत्रिक हात

कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो. ते कोणाचे कष्ट हलके करते? त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो? आणि काम त्याने खरोखर सुधारते काय? लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत आता ‘रोबो’ आला आहे. रुग्णालयाच्या दारातही हेच प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते.

‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकाने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. पण रुग्णालयातला रोबो आपणहून एक टाकाही घालीत नाही. शस्त्रवैद्य रुग्णापासून थोड्या अंतरावर बसून पोटाच्या आतले दृश्य मोठे करून पाहतो व बोटे हलवितो. त्याबरहुकूम रुग्णावरील यांत्रिक हात हलतात. १९९८ साली ब्रुसेल्स येथे कादिएर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने दूर बसून एका रुग्णाच्या जठराभोवती पट्टा बसविला. ‘दा विंची’ नावाच्या यंत्रास अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली ती २००० साली.

आज दोन शस्त्रक्रिया विशेष रूढ आहेत. एकीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. दुसरीत जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुर्बिणीच्या नेहमीच्या पद्धतीत लांब, सरळ हत्यारे छोट्या छिद्रांतून आत घालतात. स्थूल माणसाच्या पोटाची भिंत जाड; ती हत्यार अडविते आणि शस्त्रवैद्याचे मनगट व खांदे भरून येतात. रोबोत हा ताण यंत्र सोसते. शिवाय हत्याराचे टोक मनगटासारखे वळते, म्हणून आतड्याचा सांधा शिवणे सोयीचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कष्ट हलके होतात ते शस्त्रवैद्याचे. आणि तोही राबणारा माणूसच आहे.

दुसरे उत्तर कडू आहे. यंत्राची किंमत कोट्यवधी रुपये, देखभाल निराळी. हत्यारांचे वापर मोजलेले असतात. संख्या भरली की ती टाकून नवी घ्यावी लागतात. हा खर्च अखेर बिलात उतरतो.

तिसऱ्याचे काय? दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत वजन घटण्यात मोठा फरक दिसलेला नाही. रोबोला वेळ मात्र अधिक लागतो. पूर्वी झालेली शस्त्रक्रिया पुन्हा करावयाची असेल, अशा अवघड प्रसंगी अनेक शस्त्रवैद्य त्याला पसंती देतात. पण साध्या प्रसंगी केवळ ‘रोबो’ या नावासाठी घरातले दागिने गहाण ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने विचारावे: डॉक्टर, या शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत? माझ्या बाबतीत रोबोवाचून काय अडते? जादा पैसे किती? आणि पुढे माझ्याकडे कोण पाहणार? कारण शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे खाणे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित तपासणी हे जन्माचे काम आहे. त्यात कोणतेही यंत्र हातभार लावीत नाही.

यंत्राशी आमचे वैर नाही. त्याचा हिशेब मात्र उघड्यावर मांडला गेला पाहिजे.